मैत्रीचं नक्षत्र वृश्चिकेत



मंडळी, कीर्तन संपतं, आरती होते, कपाळाला बुक्का लागतो. पंगत बसायला अजून थोडा अवकाश असतो. तेवढ्यात कुणी ना कुणी हळूच शेजारी येऊन बसतं आणि मनातलं बोलतं. कुणाचा मुलगा ऐकत नाही, कुणाचा बांधाचा वाद मिटत नाही. पण एक प्रश्न असा आहे, की गाव बदललं तरी तो बदलत नाही. "महाराज, माझी रास वृश्चिक. माझं कुणाशी फार दिवस पटत नाही. लोक म्हणतात, विंचवाच्या राशीचं माणूस, याच्याशी जपून राहावं. मग आम्हाला जिवाभावाचा सोबती मिळायचाच नाही का?"

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं. वरवर चेष्टा असते, आत दुखणं असतं. चारचौघांत बसूनही एकटं पडलेल्या माणसाचं हे दुखणं आहे. आणि अशी माणसं सगळ्याच राशींत आहेत बरं का! म्हणून आज हा विषय घेऊ. तुमची रास वृश्चिक असेल तर हे तुमच्यासाठी आहे. नसेल, तर तुमच्या घरात, दिंडीत, शेजारी कुणीतरी वृश्चिकेचं असेलच. मग त्याच्यासाठी वाचा.

रास म्हणजे किती आणि काय

आधी रास म्हणजे काय ते समजून घेऊ. आकाशाचं एक मोठं चक्र मानलं. त्याचे सारखे 12 भाग केले, एकेक भाग 30 अंशांचा. त्या 12 राशी. त्याच चक्राचे 27 भाग केले की झाली नक्षत्रं. एका नक्षत्राचे 4 चरण, म्हणजे 27 चोक 108 चरण. आपल्या माळेचे मणी किती? तेही 108! आता 108 चरण 12 राशींत वाटले की एका राशीच्या वाट्याला 9 चरण येतात, म्हणजे सव्वादोन नक्षत्रं. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो तो असा. तुमचा जन्म झाला तेव्हा चंद्र ज्या राशीत होता, ती तुमची रास. वर्तमानपत्रात जन्मतारखेवरून जी रास देतात ती सूर्याची, पाश्चात्त्य पद्धतीची. आपल्या पंचांगाची रास चंद्राची. आणि चंद्र कशाचा कारक? मनाचा. म्हणजे रास सांगते काय, तर मनाचा कल. फार फार तर इतकंच. पाणी कुठल्या बाजूला उताराला लागलंय एवढं ती सांगेल; त्या पाण्यावर ऊस घ्यायचा की ते ओढ्याला सोडून द्यायचं, हे शेतकऱ्यानं ठरवायचं.

वृश्चिक ही आठवी रास. तिचा स्वामी मंगळ. तत्त्व जल, आणि स्वभाव स्थिर. आता बघा हं, मंगळ म्हणजे आग, आणि रास पाण्याची. आग आणि पाणी एका भांड्यात! हे पाणीही वाहतं नाही, स्थिर आहे. आडाचं पाणी. वरून काळंशार, हलत नाही, डुलत नाही. खाली किती खोल आहे ते पोहरा सोडल्याशिवाय कळत नाही. वृश्चिकेच्या माणसाचं मन असं असतं, असं जाणते सांगतात.

मग त्याचे गुण कोणते? एकदा मनावर घेतलं की सोडत नाही. बोलतो कमी, बघतो जास्त. कुणाचं गुपित त्याला सांगा, ते त्याच्याबरोबर सरणावर जाईल, पण ओठांवर येणार नाही. संकटात पळत नाही. ज्याला आपलं म्हटलं त्याच्यासाठी अर्ध्या रात्री उठून येतो. आणि दोष? तेही त्याच मातीतले. एकदा दुखावला की विसरत नाही. राग तोंडावर काढत नाही, पोटात ठेवतो आणि तो तिथे मुरतो. संशय पटकन येतो. समोरच्याने दोनदा चौकशी केली की याला वाटतं, याचा काहीतरी हेतू आहे. आणि शब्द असा नेमका लावतो, की समोरच्याला आठ दिवस झोप नाही. नांगी कुठे मारायची हे त्याला बरोबर माहीत असतं.

ज्योतिषशास्त्र आणखी एक गोष्ट सांगतं. चंद्र वृश्चिकेत नीचेचा होतो. हे ऐकलं की वृश्चिकेच्या माणसाचा चेहरा उतरतो. "म्हणजे महाराज, आमचं मनच नीच?" अहो, नाही. नीच म्हणजे वाईट, दुष्ट असा त्याचा अर्थ नाही. तिथे चंद्राला बळ कमी मिळतं, असा अर्थ. मनाला लवकर स्वस्थता लाभत नाही, ते आतल्या आत ढवळत राहतं. आता मला सांगा, ज्याचं मन स्वस्थ नाही त्याला सोबतीची गरज जास्त की कमी? तापकरी माणसाला वैद्य आधी लागतो. तसं हे.

आणि विंचवाची एवढी बदनामी झाली, तर त्याची दुसरी बाजूही ऐका. आपल्याकडे म्हण आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ही म्हण हवेतून आलेली नाही. विंचवीण आपली नुकती जन्मलेली पिल्लं खरंच पाठीवर घेऊन फिरते. त्यांची पहिली कात पडून ती जरा धडधाकट होईपर्यंत त्यांना खाली टाकत नाही. जी नांगी जगाला भिववते, तिच्याच सावलीत पिल्लं निर्धास्त बसलेली असतात. वृश्चिकेच्या माणसाची माया अशी असते. ती सगळ्यांना दिसत नाही. ज्याला पाठीवर घेतलं, त्यालाच कळते.

मैत्र नावाचं नक्षत्र

आता खरी गंमत ऐका. वृश्चिक राशीत कोणती नक्षत्रं येतात? विशाखाचा शेवटचा एक चरण, अनुराधाचे चार आणि ज्येष्ठाचे चार. झाले नऊ. यात मधोमध बसलेली अनुराधा. प्रत्येक नक्षत्राला एक देवता दिलेली आहे. अनुराधेची देवता कोण? मित्र! वेदांतला मित्र देव. म्हणून या नक्षत्राचं दुसरं नावच 'मैत्र' असं आहे. सत्तावीस नक्षत्रांत जे मैत्रीचं नक्षत्र, ते आपल्या पूर्वजांनी कुठे पाहिलं, तर ज्या राशीला लोक बिनमित्राची म्हणतात तिच्या बरोबर पोटात. वृश्चिकेच्या माणसाने हे कागदावर लिहून उशाखाली ठेवावं.

पुढे ऐका. पालख्या कधी निघतात? तुकोबारायांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला, माऊलींची आळंदीहून अष्टमीला. महिन्याचं नाव ज्येष्ठ का? कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र ज्येष्ठा नक्षत्राच्या आसपास असतो. ज्येष्ठा म्हणजे वृश्चिकेतला तो तांबूस तारा. उन्हाळा सरता सरता, ढग नसले तर रात्री दक्षिणेकडे पाहा. आकडा वळवल्यासारखा विंचू दिसतो आणि त्याच्या अंगात हा लाल तारा दिसतो. आणि आषाढी एकादशी? त्या दिवशी चंद्र विशाखा-अनुराधेच्या आसपास असतो. एखाद्या वर्षी थोडं मागेपुढे होतं, पण मुक्काम त्याच भागात. देवशयनीबद्दल जुनं शास्त्रवचन आहे, की भगवान विष्णू अनुराधेच्या पहिल्या चरणात निजतात, श्रवणात कूस बदलतात आणि रेवतीत जागे होतात. म्हणजे देवाने निजायला नक्षत्र निवडलं तेही मैत्राचं!

आता हे जोडून बघा. ज्या राशीत चंद्राला बळ कमी म्हणतात, त्याच भागात चंद्र असताना चंद्रभागेच्या वाळवंटात लाखोंचा मेळा भरतो. आणि तिथे कोण कुणाला रास विचारतं? अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या पाया पडतो आणि म्हणतो, माऊली. बळ कमी पडलेल्या चंद्राला हा मेळाच बळ देतो की काय, असं वाटावं. निदान बळ कमी पडलेल्या मनाला तो देतो, हे तर वारी केलेला प्रत्येक जण सांगेल.

पत्रिका जुळवून मित्र मिळतो का?

आता काही मंडळी म्हणतील, मग वृश्चिकेने मित्र कुठल्या राशीचा करावा? शास्त्रात याचीही कोष्टकं आहेत. लग्नाला 36 गुण पाहतात ना, त्यात ग्रहमैत्रीचे 5 गुण असतात. वृश्चिकेचा स्वामी मंगळ. त्याचे मित्र रवी, चंद्र आणि गुरू. म्हणून सिंह, कर्क, धनू आणि मीन या राशींशी पटेल, असं कोष्टक सांगतं. त्यात कर्क आणि मीन या पाण्याच्याच राशी, त्यांच्याशी अधिक. बुध मंगळाचा शत्रू, म्हणून मिथुन-कन्येशी जपून. शुक्र आणि शनी सम, म्हणजे ना मित्र ना शत्रू. आणि दोन राशी एकमेकींपासून सहाव्या-आठव्या आल्या तर षडाष्टक. 'त्या दोघांचं षडाष्टक आहे' हे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो, ते इथून आलं.

कोष्टकाला माझं काही म्हणणं नाही. पण एक खेळ करून बघू. पंचांगात नक्षत्राच्या चरणाला अक्षरं दिलेली असतात. जन्मवेळ ठाऊक नसली की नावाच्या अक्षरावरून रास काढतात. वृश्चिकेची अक्षरं कोणती? तो, ना, नी, नू, ने, नो, या, यी, यू. आता आपल्या संतांची नावं घ्या. नामदेव, 'ना', म्हणजे अनुराधेचा पहिला चरण, वृश्चिक! निवृत्तिनाथ वृश्चिक. नरहरी सोनार वृश्चिक. निळोबाराय वृश्चिक. केवढी मोठी माणसं या राशीला आली बघा! ही नावावरची रास आहे, जन्माची नव्हे, आणि हा खेळ आहे हे लक्षात ठेवा. पण खेळातून एक गोष्ट कळेल.

गोरोबाकाका, 'गो' म्हणजे कुंभ. कुंभाराची रास कुंभ, हसू नका! कुंभेचा स्वामी शनी, आणि शनीच्या यादीत मंगळ शत्रू. म्हणजे कोष्टकाप्रमाणे गोरोबा आणि नामदेव यांचं पटायला नको. सावता माळी कुंभ, सेना न्हावी कुंभ, तीच गोष्ट. जनाबाई, 'ज' म्हणजे मकर, तिचाही स्वामी शनी. पण नामदेवांच्या घरात तिचा जन्म गेला आणि विठ्ठल तिच्या जात्यावर येऊन बसला. चोखोबा, 'चो' म्हणजे मेष. मेष आणि वृश्चिक तर उघड षडाष्टक. एखादा ज्योतिषी म्हणेल, दोन्हींचा स्वामी मंगळच, म्हणून हे प्रीती-षडाष्टक. बरं, म्हणू द्या. त्या प्रीतीची गोष्ट पुढे येणारच आहे.

आता उलटं बघा. तुकोबाराय, 'तु' म्हणजे तूळ. वाण्याच्या हातातली तूळ! आणि वाघोलीचे रामेश्वर भट्ट, 'रा' म्हणजे तीही तूळ. रास एक, स्वामी एक. आणि झालं काय? याच रामेश्वर भट्टांनी आधी तुकोबांना विरोध केला, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. रास एक असून सोबत झाली नाही. पुढे तेच रामेश्वर भट्ट तुकोबांचे शिष्य झाले, त्यांनी तुकोबांची आरती रचली, ती आपण आजही म्हणतो. आधी विरोध आणि मग शरण, मधल्या काळात रास बदलली का? रास तीच होती. ओढ बदलली. पूर्वी दोघांची तोंडं दोन दिशांना होती, आता एकाच विठ्ठलाकडे झाली. हा आजच्या निरूपणाचा गाभा आहे मंडळी. स्वभाव सारखा असून मैत्री होत नाही, आणि स्वभाव निराळा म्हणून ती अडत नाही. एकाच गावाला निघालेली माणसं वाटेत भेटली की सोबत होते.

आख्यान: कच्चं मडकं

आता नामदेवरायांची कथा घेऊ. ती तुम्ही ऐकलेली आहे. आज वृश्चिकेच्या माणसाच्या कानांनी ऐका.

नामदेवराय विठ्ठलाचे लाडके. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचा नैवेद्य खातो. अशा माणसाला आणखी मित्र कशाला हवेत? देवच सखा! एकदा सगळी संतमंडळी जमलेली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, गोरोबाकाका, नामदेव. मुक्ताई वयाने सगळ्यांत लहान, पण बोलणं असं की कुणाची भीड नाही. ती गोरोबांना म्हणाली, काका, तुम्ही मडकी भाजता; यातलं कोणतं भाजलंय आणि कोणतं कच्चं, जरा बघून सांगा. काकांनी उचललं थापटणं आणि एकेकाच्या डोक्यावर थोपटत निघाले. ज्ञानदेव शांत. निवृत्ती शांत. सोपान शांत. नामदेवांच्या डोक्यावर थापटणं पडलं आणि नामदेव उसळले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं!

मंडळी, विचार करा. भर सभेत, आपल्याच माणसांत, ज्यांना आपण जिवाचे सोबती मानलं त्यांनी, आपल्याला कच्चा म्हणावं! वृश्चिकेच्या मनाला याहून मोठा घाव नाही. नामदेव उठले ते तडक पंढरीला गेले. विठ्ठलापुढे गाऱ्हाणं. मनात काय आलं असेल? 'पुन्हा या मंडळींचं तोंड बघायचं नाही.' तुम्हा-आम्हाला असंच वाटतं ना? भावकीत कुणी एक शब्द बोललं, की आपण वीस वर्षं त्या घराची पायरी चढत नाही. वरून सांगतो, माझी रासच तशी, मी विसरत नाही!

पण देवाने काय केलं? देवाने लाडक्या भक्ताची बाजू घेतली नाही. देव म्हणाला, नाम्या, ते खरं बोलले. तुला गुरू नाही. जा, औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर आहेत, त्यांना शरण जा. नामदेव गेले. बघतात तर विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांना राग आला. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा झालो, पाय हलवत नाही. जिथे पिंडी नसेल तिथे तूच ठेव माझे पाय. नामदेव पाय उचलून जिथे ठेवायला जावं तिथे पिंडी उभी. देव नाही अशी जागाच नाही! तिथे नामदेवांचं मडकं भाजलं.

आता इथे जरा थांबा. नामदेवांना विसोबांकडे कुणी पोचवलं? त्या थापटण्याने! गोरोबांनी गोड बोलून 'वा नामदेवा, वा' म्हटलं असतं, तर नामदेव जन्मभर कच्चेच राहिले असते. मित्र कोण, तर जो आपल्याला भाजायला पाठवतो. आणि नामदेवांचं मोठेपण कशात? ते रुसले, दुखावले, पण परत आले. त्याच मंडळींत परत आले. ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा केली. 1296 साली आळंदीला माऊलींनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवरायांचे अभंग वाचताना आजही कंठ दाटून येतो. ज्यांच्यात कच्चे ठरले, त्यांच्या वियोगात असे रडले. पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांच्या 61 रचना आहेत. वृश्चिकेचा हट्ट होता तो. आधी तो रागाला लागला होता, मग नामाला लागला. हट्ट टाकावा लागला नाही, त्याचं तोंड फक्त फिरलं.

आणि आता ती षडाष्टकाची गोष्ट. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. कूस कोसळलं, मजूर खाली गाडले गेले, त्यात चोखोबाही गेले. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. पण ढिगाऱ्यात इतक्यांची हाडं, त्यात चोखोबांची कोणती? परंपरा सांगते, नामदेवांनी एकेक अस्थी उचलून कानाला लावली. जिच्यातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू आलं, ती चोखोबांची. त्या अस्थी पदरात बांधून ते पंढरीला आले आणि महाद्वारापुढे समाधी दिली. हयातीत ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्या मित्राला मेल्यावर देवाच्या दारी आणून बसवलं. आणि स्वतः कुठे राहिले? त्याच दारात, पायरी होऊन. आजही पंढरीला जाल तर बघा, इकडे नामदेवांची पायरी, समोर चोखोबांची समाधी. दोघे मित्र अजून समोरासमोर आहेत. आता कुणी म्हणावं, वृश्चिकेच्या माणसाला मैत्री साधत नाही?

सोबती कुठे शोधावा, कसा ओळखावा

आता तुमच्या-आमच्या कामाचं बोलू. तुम्ही म्हणाल, महाराज, नामदेवांना गोरोबा मिळाले. आम्हाला कुठे मिळणार?

पहिली गोष्ट, वृश्चिकेच्या माणसाने पन्नास मित्रांच्या मागे लागू नये. आडाला एक पोहरा पुरतो. दोन-तीन माणसं खरी मिळाली तरी जन्म तरला.

दुसरी गोष्ट, गप्पांच्या जागी मित्र शोधू नका. कमी बोलणाऱ्या माणसाची गप्पांत कुचंबणा होते; मग तो घरी येऊन म्हणतो, आपलं कुणाशी जमत नाही. त्याने कामाच्या जागी जावं. गावात सप्ताह असतो ना? पहाटे काकड्याला जा. काकड्याला गर्दी नसते, आठ-दहा माणसं असतात आणि तीच रोज असतात. जाऊन टाळ उचला आणि ओळीच्या टोकाला उभे राहा. कुणी नाव विचारणार नाही, तुम्हीही काही सांगू नका. टाळाला टाळ जुळू द्या. शेजाऱ्याचं पाऊल उजवं पडलं की तुमचंही उजवं पडेल. आठ दिवस असे गेले की नवव्या दिवशी तो शेजारी स्वतःहून म्हणेल, "काल का नव्हता आला?" या एका वाक्यात मैत्री सुरू झाली! कुणीतरी आपली वाट पाहिली, यापरतं माणसाला आणखी काय हवं असतं? सप्ताहात वाढायला माणसं लागतात, पाण्याची पिंपं भरायला लागतात, सतरंज्या गोळा करायला लागतात. भांडं एका बाजूने तुम्ही धरलं आणि दुसऱ्या बाजूने कुणी धरलं, की ओळख करून द्यावी लागत नाही.

तिसरी गोष्ट, माणूस ओळखायचा कसा? तुमच्या रागाला जो वारा घालतो, 'बरोबर आहे तुझं, सोडू नको त्याला' म्हणतो, तो तुमच्या नांगीचा मित्र, तुमचा नव्हे. जो म्हणतो, 'तुझं दुखलं हे खरं, पण आता पुरे, चल हरिपाठाला' तो तुमचा. तोंडावर दोष सांगतो आणि पाठीमागे गुण सांगतो, त्याला धरून ठेवा. आणि त्याचं थापटणं डोक्यावर पडलं तर एक दिवस थांबा. लगेच उत्तर देऊ नका. रात्र जाऊ द्या. सकाळी विचार करा, हा बोलला त्यात खरं किती?

चौथी गोष्ट मनात मुरलेल्या रागाची. वारीत माऊलींच्या सोहळ्यात संध्याकाळी समाज आरती असते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली, तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मिटवतात. तेव्हा टाळ थांबतो आणि आरती होते. केवढी शहाणी रीत! आधी गाऱ्हाणं, मग आरती. आणि तेही त्याच दिवशी, त्याच तळावर. राग उद्याच्या मुक्कामाला बरोबर न्यायचा नाही. वृश्चिकेच्या माणसाने ही रीत घरी न्यावी. मनात काही सलत असलं तर गप्प बसून आंबवू नका. ज्याच्याबद्दल आहे त्यालाच, त्याच दिवशी, शांत शब्दांत सांगा. 'तू असं म्हणालास, मला लागलं.' बस. एवढं साधलं तर तुटणारी कितीतरी नाती वाचतील.

एकनाथ महाराजांनी विंचवावर भारूड रचलं, ते आपण हसत हसत ऐकतो. पण नाथांचा विंचू बाहेरचा नाही, तो आतला आहे, कामक्रोधाचा. तो बाराही राशींना चावतो! मेषेचा माणूस तो दारात दाखवतो, वृश्चिकेचा माजघरात लपवतो, एवढाच फरक. आणि उतारा एकच, सत्त्वगुण. तो संगतीने वाढतो.

आणि ज्यांच्या घरात वृश्चिकेचं माणूस आहे, त्यांना हात जोडून सांगणं. सून असेल, मुलगा असेल, सासरे असतील. 'तुझी रासच तशी' हे वाक्य आजपासून बंद करा. ते वाक्य म्हणजे दगड आहे. विंचू दगडाखाली जातो तो अशाच दगडाखाली. त्याला विश्वास द्या. त्याने एकदा काही सांगितलं तर चार ठिकाणी बोलू नका. तो गप्प बसला तर 'काय झालं, काय झालं' करू नका. नुसते शेजारी बसा. तो बोलेल.

आणि वृश्चिकेच्या माझ्या बाबांनो, मायबहिणींनो, तुम्हालाही सांगणं. रास ही ढाल करू नका. 'मी असाच' असं म्हणून दार लावून घेणं सोपं आहे. पण दार लावलं की चोर बाहेर राहतो तसा पाहुणाही बाहेर राहतो. तुमच्या राशीच्या बरोबर मधोमध मैत्राचं नक्षत्र आहे. ते जन्मापासून तुमच्या पत्रिकेच्या घरात दिवा लावून बसलंय. कुणाशी तरी आज धरलेला अबोला असेल, तर या एकादशीच्या आत तो सोडा. तुम्ही आधी बोला. धाकट्याने आधी की थोरल्याने आधी, याचा हिशेब विठ्ठल ठेवत नाही. नामदेव परत आले म्हणून नामदेव झाले. तुम्हीही परत या.

पांडुरंगाच्या चरणी एवढंच मागणं, की ज्याला सोबत नाही त्याला संतांची सोबत मिळो, आणि ज्याला मिळाली आहे त्याला ती टिकवायची बुद्धी होवो.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!